मधातली गोळी

मी ज्या माश्या सांभाळते त्यांना नवरा लागत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा अक्काच्या ओसरीवर बोलले तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. अक्का सगळ्यांत जास्त हसली. तिला हसवायलाच मी ते बोलले होते. पुढचं सगळं त्या हसण्यातून सुरू झालं, म्हणून तिथूनच धरून सांगते. नाव कुणाचंच घालत नाही. माझं तर नाहीच नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दिंद्रुडला दिलेली. तेव्हा तिच्या पदरात दोन मुली होत्या आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. या वेळी काय होतं यावर तिचं त्या घरातलं बसणं-उठणं ठरणार होतं. तोंडानं तसं कुणी म्हणत नव्हतं. पण तिची सासू तिला हाक मारताना नाव घ्यायचं सोडून 'पोरींची माय' म्हणायला लागली होती, आणि आमच्याकडं एवढं पुरतं.

मी तेव्हा वडवणीला कामाला होते. बाजाराच्या मैदानापलीकडं एका मॅडमांनी भाड्याच्या खोल्यांत छोटी प्रयोगशाळा काढली होती. कापसावरच्या बोंडअळीला मारणारा किडा तिथं तयार व्हायचा. माझी शाळा आठवीत सुटलेली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, सोबतीची पोरगी लग्न होऊन गेली, आणि मला एकटीला पाठवायला कुणी राजी झालं नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही, पण 'किती शिकलीस' असं कुणी विचारलं की मी अजूनही आधी खाली बघते. मॅडमांनी ते विचारलंच नाही. हातात बारीक चाळणी दिली, पतंगाची अंडी गाळायला लावली, आणि संध्याकाळी म्हणाल्या, उद्यापासून ये. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू, हे मला आजही कळत नाही. त्यातच आमच्या घरानं त्यांना जो ताप दिला, तो आठवला की घास उतरत नाही.

काम सांगते. भरडलेल्या ज्वारीवर एक करडा पतंग वाढवायचा. त्याची अंडी गाळून, डिंक लावलेल्या कार्डावर भुरभुरायची. मग ते कार्ड काचेच्या नळीत माश्यांच्या हवाली करायचं. माशी म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, पतंगाचं अंडं आतून खाल्लं जातं आणि काळं पडतं. काळी झालेली कार्डं शेतकरी नेतात, पट्ट्या कापून कापसाच्या पानामागं टाचतात. तिथं माश्या निघतात आणि बोंडअळीच्या अंड्यांचं तेच करतात. फवारा मारायचा वाचतो.

यात कामाची ती मादीच. नर उडतो, मादीला भेटतो, मरतो. शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून मॅडमांनी कुठून तरी एक वाण आणला होता, ज्यात नर जन्मतच नव्हते. आईला मुली, मुलींना मुली, सगळा बायकांचा गोतावळा. आम्ही कामाच्या बायका मादीला 'बर्फी' म्हणायचो आणि दुसऱ्या नळ्यांतल्या साध्या वाणात नर दिसला की 'पेढा'. मुलगी झाली की बर्फी, मुलगा झाला की पेढे, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आम्ही फक्त माश्यांना लावलं. मायक्रोस्कोपखाली बघायचं, मिशांना लांब केस असले की पेढा. मॅडमांना आधी ते आवडलं नाही. नंतर त्या स्वतःच विचारायला लागल्या, आज बर्फी किती.

नवऱ्याशिवाय मुलगी होते कशी, हे मला कळेना. मला कळलं नाही की झोप लागत नाही, तसा माझा स्वभाव. मॅडमांच्या पांढऱ्या कोटाचं बटण तुटलं होतं, मी ते शिवत होते, तेव्हा त्यांनी माझ्याच हातातल्या दोऱ्यावर समजावलं. म्हणाल्या, प्रत्येक जिवाच्या अंगात असे दोरे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. अंग कसं असावं, डोळे कसे, रंग कसा, सगळं त्यांवर लिहिलेलं. आपल्यात त्यांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. या माशीच्या जातीत अंड्याला बाप मिळाला तर दोन संच होतात आणि मादी निघते. बाप नाही मिळाला तर आईचा एकच संच राहतो आणि त्यातून नर निघतो. म्हणजे नराला बाप नसतोच. आजोबा असतो मात्र, आईचा बाप. यावर शेजारी ज्वारी पाखडणारी बाई म्हणाली, "आमच्या गल्लीत हाय असं एक." मॅडमसुद्धा हसल्या.

पण आमच्या वाणात बाप नसूनही मादीच निघायची. का, तर या माशीच्या पोटात एक जंतू राहतो. तो आईच्या अंड्यातून मुलीत जातो. मुलाकडून त्याला पुढं जायला वाट नाही, म्हणून मुलगा त्याच्या कामाचा नाही. मग तो काय करतो, अंड्यातला एकेरी संच दुहेरी करून टाकतो. मॅडम म्हणाल्या, तू आत्ता केलंस तेच. मी बघितलं. मी सुईत दोरा ओवून मध्यावर दुमडला होता आणि दोन्ही टोकांची मिळून गाठ मारली होती. दोरा दुहेरी झाला, पण होता एकच. तसं त्या मुलीचं. दोन्ही बाजू आईच्या, आणि दोन्ही अगदी एकसारख्या. आपल्यात एका दोऱ्यावर काही खराब असलं तर दुसरा ते झाकून घेतो. त्यांच्यात झाकायला दुसरं काही नसतंच.

हे खरंच जंतूचं काम आहे का, ते बघायला मॅडमांनी एक प्रयोग केला. जंतू मारायची औषधाची गोळी येते, कॅप्सूलची, माणसं खातात तीच. ती फोडून त्यातली पूड मधात कालवली आणि मधाची एक रेघ काही नळ्यांत ओढली. माश्यांनी तो मध खाल्ला. आणि पुढच्या वेताला मिशांना केस असलेले निघाले. आम्ही ओरडलोच, पेढे झाले ओ मॅडम. मॅडमांनी दुपारी बाजारातून खरेखुरे पेढे आणले. त्यांना आनंद झाला तो अंदाज खरा निघाल्याचा. आम्हाला कशाचा झाला ते आम्हालाही सांगता आलं नसतं. मुलगा झाला की आनंद करायचा, एवढं हाडात बसलेलं. नंतर गंमत अशी झाली की त्या नरांकडं माद्या ढुंकून बघेनात. इतक्या पिढ्या नराशिवाय गेल्या, मॅडम म्हणाल्या, की त्यांचं ते वळणच मोडलंय.

मी अक्काच्या ओसरीवर सांगितलं ते हे सगळं. शेवटची गंमत सांगायच्या आधीच माझं सांगणं तुटलं. अक्काची सासू डाळ निवडत बसली होती, तिनं हात थांबवून विचारलं, गोळी कंची म्हणलीस? मी गोळीचा रंग सांगितला. मध साधाच का, म्हणाली. साधाच, म्हणाले. ती पुन्हा डाळ निवडायला लागली. मला वाटलं, चला, म्हातारीनं माझ्या कामात लक्ष तरी घातलं. मला बरं वाटलं होतं.

पुढच्या खेपेला तेलगाववरून गाडी बदलून दिंद्रुडला उतरले, घरी गेले, तर अक्का भरदुपारी बाजेवर पडलेली आणि सासू तिच्यासाठी दूध गरम करते आहे. मी दारातच थबकले. त्या घरात मी असलं काही कधी बघितलं नव्हतं. सासूनं मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. माजलगावला कुणाच्या तरी ओळखीनं मिळवली होती. रोज सकाळी एक, मधात बुडवून, स्वतःच्या हातानं. वर दूध. औषध अंगी लागायला पाहिजे म्हणून जड काम बंद, शेत बंद.

मी म्हटलं, मावशी, ती माश्यांसाठी व्हती, माणसाला न्हाई चालत.

"जीव तो जीवच की गं माय," ती म्हणाली. "त्यान्ला लागू पडली, हिला कावून न्हाई पडणार?"

मी मॅडमांचं ऐकलेलं होतं तेवढं सगळं ओतलं. माश्यांचं वेगळं असतं, त्यांच्या पोटात जंतू होता म्हणून ते तसं झालं, माणसात मुलगा की मुलगी हे पहिल्याच दिवशी ठरून जातं आणि तेही बापाकडून. बापाकडून म्हटल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. माझ्या लेकाचा दोष काढतीस का, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमांना सांगितलं. त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. एवढंच म्हणाल्या, आजच्या आज थांबव. ती गोळी पोटातल्या लेकराच्या हाडांत आणि दातांत बसते. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळीही वाटलं. मी अंगावरच्या कपड्यांनिशी पुन्हा गाडीत बसले.

अक्का मला म्हशीच्या गोठ्यामागं घेऊन गेली, शेण भरायचं निमित्त काढून. मी रडत रडत सांगत होते आणि ती शांत ऐकत होती. मग म्हणाली, गिळतंय कोण. जिभेखाली धरते, वरून दूध पिते आणि इकडं आले की थुंकते. लई कडू लागती.

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, मग सांगून टाक ना, नाही घ्यायची म्हणून.

"आन मग दूध?" ती म्हणाली. "दोन पोरींच्या येळेला शेवटपर्यंत कापूस येचत व्हते मी. कुणी घोटभर इचारलं न्हवतं. तुझ्या माश्यांनी मला पयल्यांदा दूध पाजलं बघ. तू काई बोलू नगंस."

मी नाही बोलले. मॅडमांना सांगितलं, अक्का गोळी घेत नाही, बंद झालंय. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कसं बंद झालं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

अक्काला मुलगा झाला.

सासूनं वडवणीला प्रयोगशाळेत पेढ्यांचा डबा पाठवला. मॅडमांच्या नावानं. मी डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मला वाटलं जमीन फाटून मला आत घेईल तर बरं. त्यांनी एकही पेढा तोंडात टाकला नाही. बायकांनी खाल्ले, पेढ्याचे पेढे असं म्हणत.

त्यानंतर बायका यायला लागल्या. कुणी सुनेला घेऊन, कुणी लेकीला. माश्यांचं ते मधातलं द्या म्हणायच्या. मॅडम समजावून समजावून थकल्या. शेवटी त्यांनी दाराबाहेर फळा लावला की इथं माणसांचं कोणतंही औषध मिळत नाही. त्यानं उलटंच झालं. बाजाराच्या दिवशी मी भाजीवालीपाशी उभी असताना एकीला बोलताना ऐकलं. हाय म्हणूनच फळा लावलाय की, म्हणाली, सरकारला भिऊन.

त्यातल्या कितीजणींनी माजलगावहून नाहीतर बीडहून गोळ्या आणून खाल्ल्या, मला माहीत नाही. मला तोंडं आठवतात फक्त. एक हिरव्या लुगड्यातली होती, तिच्या सुनेनं सगळा वेळ मान वर केली नाही. त्या सुनेला तरी जिभेखाली धरायचं सुचलं असेल का, असं मनात येतं आणि मग मला काम सुचत नाही.

पुढं मॅडमांनी ती प्रयोगशाळा आवरली. उन्हाळ्यात वीज जायची, खोली तापायची, आणि उष्णतेनंही तो जंतू मरतो, वाण टिकेना. असं त्या म्हणाल्या. ते खरंच असणार. तरी मला वाटतं, रोज दारातून बायकांना परत पाठवायचा कंटाळाही त्यात होता, आणि तो माझ्यामुळं होता. जाताना त्यांनी माझी सोय केली. इथं, तामिळनाडूत, असल्याच किड्यांच्या मोठ्या कारखान्यात. मला भाषा येत नव्हती. भाताची सवय नव्हती. पण इथं कुणी मला औषध विचारत नाही, म्हणून मी राहिले. घरचे म्हणतात, पोरीनं नाव काढलं. मी पळून आले, हे त्यांना कसं सांगू.

यंदा आईचा फोन आला. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, पहिली मुलगी आहे. आई खुशीत होती. म्हणाली, काळजी करू नको, अक्काच्या सासूनं गोळीचं नाव लिहून दिलंय, सुरू केलीये.

मी फोनवर किंचाळलेच. दात, हाडं, मॅडम काय म्हणाल्या, सगळं सांगितलं. आई ऐकून घेऊन म्हणाली, मग अक्काचं पोरगं कसं गं ठणठणीत हाय? तिनं तर पुरं औषध घेतलं.

याला माझ्याकडं एकच उत्तर होतं, आणि ते माझं नव्हतं. मी अक्काला फोन लावला. म्हटलं, मला तुझं सांगू दे. तू थुंकत होतीस एवढंच. बाकी काही नाही.

तिची अडचण मला माहीत होती. मुलगा झाल्यापासून सासू गावभर सांगत फिरायची की मी माझ्या हातानं चारलं आणि सुनेनं निष्ठेनं घेतलं. अक्काच्या हातात आता कोठीच्या किल्ल्या होत्या. मुलींना शाळेत घालताना तिला कुणी आडवं आलं नव्हतं. ते सगळं त्या निष्ठेवर उभं होतं. ती म्हणाली, सांगू नको. भावजयीला म्हणावं तूही थुंक. पोरगी झाली तर म्हणतील लागू पडलं न्हाई. दूध तर प्याली ना तोवर.

मला ते पटलंही. इतकं सोपं होतं. मी भावजयीला फोन केला आणि हळूच सांगितलं, वहिनी, जिभेखाली धर आणि थुंकून टाक. ती बारावी शिकलेली, माझ्यापेक्षा पुष्कळ. तिला माझं म्हणणं कळेचना. "ताई, मी कशाला थुंकू," म्हणाली, "मलाच पाहिजे की पोरगा." ती मनापासून गिळत होती. तिला कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. मी मॅडमांचं सांगितलं, तर म्हणाली, मॅडमांना काय माहीत, अक्कांचं तर डोळ्यापुढं आहे.

मग मी सांगितलं. अक्कानं नाही म्हटल्यावर, दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, अक्कानं एकही गोळी गिळलेली नाही, सगळ्या गोठ्यामागं पडल्यात. तुझ्या डोळ्यापुढं जे आहे ते गोळीशिवायचं आहे.

भावजयीनं गोळी त्या दिवसापासून बंद केली. का बंद केली ते आईला सांगितलं. आईनं खरं की खोटं ते विचारायला थेट अक्काच्या सासूला फोन लावला.

पुढचं मला आईकडूनच कळलं. सासूनं आधी हसण्यावारी नेलं. मग अक्काला बोलावलं. अक्का म्हणाली, खोटं आहे, माझी बहीण काहीही बोलते. तेव्हा सासूनं नातवाला पुढं ओढलं आणि म्हणाली, "लेकराच्या डोक्यावर हात ठेव आन सांग, गिळल्या म्हणून." अक्कानं हात उचलला. ठेवला नाही.

सासूनं किल्ल्या काढून घेतल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. अक्काच्या हातचं खायचं-प्यायचं मात्र सोडलं. स्वतःचा चहा स्वतः करायला लागली, एका माणसाचा. मी माझ्या हातानं दिलं आणि ही माझ्या तोंडावर थुंकली, एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. अक्कानं माझे फोन उचलायचं बंद केलं. मी रोज लावायचे. इथल्या पोरी मला विचारायच्या, कुणाला लावतेस. मी म्हणायचे, कुणाला नाही.

मी बरोबर केलं, असं मॅडम म्हणाल्या. भावजयीच्या पोटातल्या जिवापुढं किल्ल्यांचं काय. मलाही ते समजतं. पण अक्कानं मला तिच्याजवळची एकच गोष्ट दिली होती, मी ती विचारून घेतली, नाही म्हणाली तरी घेतली, आणि वाटली.

एक दिवस तिचा फोन आपण होऊन आला. मी भीतभीतच उचलला. ती भांडली नाही. आवाज बारीक होता. म्हणाली, पोराचे पुढचे दात पिवळे दिसायलेत. आधी वाटलं पाण्यानं असंल, आपल्याकडं पाणी तसलंच हाय. मग म्हणाली, "दर येळी न्हाई जमलं गं थुंकायला. कधी कधी ती दूध संपंपर्यंत समोर उभी ऱ्हायची."

ज्या गोष्टीसाठी मी तिचा शब्द मोडला होता, ती गोष्टच पुरती खरी नव्हती. एकही गोळी गिळलेली नाही, असं मी किती छातीठोक सांगितलं होतं.

मॅडमांना विचारलं. त्या म्हणाल्या, फोनवरून काही सांगता यायचं नाही, बीडला दाताच्या डॉक्टरला दाखवा. अक्का निघाली तर सासू म्हणाली, मी येते. नातू तिचाही होता. एसटीत सासूनं पोराला मांडीवर घेतलं आणि खिडकीकडं तोंड करून बसली. डॉक्टरांनी दात बघितले, पाण्याचं विचारलं, पोटात असताना काही औषध चाललं होतं का विचारलं. अक्कानं सासूकडं बघितलं. सासूनंच गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यानंही होतं, पाण्यानंही होतं, आता नक्की सांगता येणार नाही. दुधाचे दात आहेत, पडतील. पक्के येतील ते बहुतेक चांगले येतील. पण ही गोळी पोटुशीला द्यायची नसते, एवढं गावात सांगा.

तिघं परत स्टँडवर आली. हे अक्कानं मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, सगळं, जसं घडलं तसं. गाडीला वेळ होता. पोरगं चणे खात होतं. सासू बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गिळल्या व्हत्यास का थुंकल्या व्हत्यास, एकदा काय ते सांग मला."

अक्का म्हणाली, आवाजावरून मला कळलं की सासूला आता कंचं उत्तर पाहिजे, पोराच्या दाताचं तिच्या हातावर नको व्हतं. "थुंकल्या म्हणले मी. समद्या."

सासूनं मान हलवली. लेकराच्या डोक्यावर हात ठेव, असं या वेळी म्हणाली नाही. अक्कानं जाऊन दोन चहा आणले, सासूनं तिच्या हातातला घेतला आणि प्याली.

"बरं केलं ना गं?" अक्कानं मला विचारलं. मागून पोराचं हसणं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, बरं केलंस. अक्कानं काही गिळल्या होत्या, हे भावजयीला मी अजून सांगितलेलं नाही.